एक पेर खोल

फाटकाला कुलूप नाही, नुसती साखळी.
ती काढून आत यावं आणि पुन्हा अडकवावी,
रस्त्यावर म्हशी असतात.
पाटी मीच रंगवलेली:
‘बाग बघायला खुली. माघ सरल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत.
फुलं तोडू नयेत.’
‘नयेत’मधला त ओळीत मावला नाही,
तो खाली उतरून बसलाय.

सव्वीस वर्षं मी शिरोलीला मोल्डर होतो.
काळी वाळू चाळायची, भिजवायची, पेटीत ठासायची,
लाकडी पॅटर्न अलगद उचलायचा
आणि मागं राहिलेली पोकळी
श्वाससुद्धा न लागू देता जपायची.
येणाऱ्याचा आकार आधीच ठरलेला.
पंपाची बॉडी म्हणजे पंपाची बॉडी,
सुताचा फरक पडला की माल परत.

इथं पोकळी एक पेर खोल.
तर्जनी मातीत घालायची, काढायची, बी सोडायचं.
झिनिया. गलांडा. शालनच्या माहेरची दोडकी, मांडवासाठी.
कुणाचंच माप माझ्याकडं नाही.
शालन म्हणते, वाफा ठोकून ठोकून सपाट करताय,
भट्टी सुटली तरी हात सुटंनात तुमचे,
मुळांना जरा वाट ठेवा की.

मग चैत्र.
करंजाखाली पाय ठेवायला जागा उरत नाही,
बहाव्याला पहिला घोस लागतो, तोही मागच्या बाजूला,
जिकडं कुणी बघायला जात नाही.
आणि पौर्णिमेला केर्लीचा सगळा रस्ता गुलाबी.
जोतिबाच्या डोंगरावरनं उतरलेली माणसं
पाणी प्यायला आत येतात,
केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत गुलाल.
मधमाश्या घटकाभर
कुठं बसायचं ते विसरतात.

त्यांच्यातलीच ती. वाळव्याकडची असावी.
लाल चाफ्यापाशी उगाच रेंगाळली.
कट्, एवढाच आवाज.
शेंडा पिशवीत, नारळाच्या भकलांखाली.
बोटांना चीक. पदराला पुसला.
मी बघितलं. मी बघितलं हे तिनं बघितलं.

आता काय बोलणार?
हा चाफा पन्हाळ्याच्या डाक बंगल्यामागचा, अंधारात आणलेला.
जास्वंद पोलीस लाईनीच्या कुंपणावरची.
भट्टीत हात पोळला तेव्हाची रातराणी,
दवाखान्याच्या पायरीजवळची,
गळ्यातल्या झोळीत घालून आणली,
डॉक्टर म्हणाले, हात हलवू नका, मी नाही हलवला.
ह्या बागेत विकत घेतलेली
एक पाण्याची झारी तेवढी.

‘थांबा,’ म्हटलं.
गुलालाखाली तिचा चेहरा उतरला.
‘असा न्हाई जगायचा त्यो. शेंडा मऊ असतोय.’
चाकू काढला. अंगठ्याएवढी जाड फांदी, तिरका काप.
‘आठ दिवस सावलीत तशीच टाका. चीक वाळू दे.
मग लावा. पाणी बेतानं.
आणि पानं आली न्हाईत म्हणून उकरून बघायचं न्हाई.’

‘किती द्यायचं?’
‘पाटीवर कुठं लिवलंय?’

तिनं कपाळावरचा गुलाल चिमटीत घेतला
आणि झाडाच्या कापावर दाबला,
पोराच्या गुडघ्यावर हळद दाबावी तसा.
साखळी काढली, पुन्हा घातली, गेली.
उपयोग होतो का गुलालाचा, मला ठाऊक नाही.
कापाच्या खाली दोन डोळे फुगलेत आता.
कापलं नसतं तरी कदाचित फुगले असते.

मोडका शेंडा कट्ट्यावरच राहिला होता.
संध्याकाळी बघतो तर शालननं
तेलाच्या डब्यात माती भरून
तो खोचलाय, एक पेर खोल, न वाळवता, न काही.
म्हटलं, मऊ आहे गं, नाही जगायचा.
हात झटकत आत गेली.
जाता जाता म्हणाली,
‘पाटीवर कुठं लिवलंय?’